फुकटचं ऑडॅसिटी आणि माझा न ऐकणारा लॅपटॉप

बेचाळीस मिनिटं वाचलं. मधे दोनदा पाणी प्यायले, एकदा शेजारचा कोंबडा आरवला म्हणून वाक्य पुन्हा घेतलं, पाठ संपल्यावर रुबाबात थांबवायचं बटण दाबलं आणि पडद्याकडे बघितलं, तर पट्टी लावून ओढावी तशी सरळ रेघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत. चढ नाही, उतार नाही, कोंबडासुद्धा नाही.

त्या दिवशी मी ऑडॅसिटीला, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायच्या या प्रोग्रॅमला, जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आज तीन वर्षांनी हे परीक्षण लिहिताना त्यातलं बरंचसं मागे घेते आहे. सगळं नाही.

मी चिपळूणला राहते. हायस्कूलमध्ये इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि आता डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलांसाठी दहावीच्या पुस्तकांतले पाठ वाचून रेकॉर्ड करून देते. माझा स्टुडिओ म्हणजे आमचं माजघर. चिऱ्याच्या जाड भिंती, खिडकी नाही, दोन बाजूंच्या वलणीवर जुन्या गोधड्या टाकलेल्या. गोधडीइतका आवाज गिळणारा फोम बाजारात असेल तर मला माहीत नाही. लॅपटॉप मुलाचा जुना, कारण आमचा आधीचा कॉम्प्युटर २०२१ च्या जुलैतल्या पुरात गेला. माईक पदराला लावायचा चिमट्याचा. आणि प्रोग्रॅम ऑडॅसिटी, किंमत शून्य.

शून्य म्हणजे खरंच शून्य. पंधरा दिवसांनी पैसे मागणारं, किंवा शेवटी फाइल काढताना 'आता पैसे भरा' म्हणणारं हे प्रकरण नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग या दोघांनी १९९९ मध्ये ते सुरू केलं, २००० साली लोकांसाठी खुलं केलं आणि त्याचा कोड आजही कुणालाही बघता येतो. २०२१ मध्ये म्यूज ग्रुप या कंपनीनं ते ताब्यात घेतलं तेव्हा गदारोळ झाला होता. वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला, लोक भडकले, प्रस्ताव मागे घेतला. मग जुलैत नवं गोपनीयता धोरण आलं आणि पुन्हा तीच आरडाओरड. माझ्या भाच्यानं हे सगळं सांगून मला आधी घाबरवलं आणि मग स्वतःच बसवूनही दिलं. तुम्ही आपण होऊन क्लाऊडवर ठेवलं नाही, तर रेकॉर्डिंग तुमच्या लॅपटॉपवरच राहतं. मला तेवढं पुरे. एक मात्र सांगते, ते अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोधलं की वर जाहिरातींची मोठमोठी हिरवी बटणं येतात, त्यांवर बोट ठेवाल तर भलतंच काही घरात घ्याल.

आता त्या सरळ रेघेकडे येते. भाचा पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "मावशी, प्रोग्रॅमला शिव्या देऊ नकोस. त्याच्यापर्यंत आवाज पोचतच नाहीये." हे एक वाक्य मला तीन वर्षं पुरलं आहे. आवाज माईकमधून वायरीत जातो, वायरीतून लॅपटॉपच्या भोकात, तिथून विंडोजकडे आणि सगळ्यात शेवटी ऑडॅसिटीकडे. आपल्याला रेघ दिसते ऑडॅसिटीच्या खिडकीत, म्हणून राग त्याच्यावर. पोस्टमन रिकाम्या हातानं आला म्हणून त्यालाच बोलावं, तसं.

माझं पत्र अडलं होतं विंडोजकडे. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग मायक्रोफोन. तिथे वरती माईक वापरायची परवानगी असलेल्या ॲपची यादी दिसते, तिच्यात ऑडॅसिटी नसतंच. मी अर्धा तास यादीत शोधत बसले. खरं बटण यादीच्या खाली आहे, 'डेस्कटॉप ॲप्सना मायक्रोफोन वापरू द्या' अशा अर्थाचं. ते बंद होतं. कुणी केलं, कधी केलं, विचारू नका. चालू केलं आणि पुढच्या क्षणी रेघेला डोंगर फुटले. भाच्याच्या लॅपटॉपवर याच कारणानं सरळ रेघेऐवजी 'एरर −९९९९' आला होता, म्हणजे एकच दुखणं दोन तोंडांनी बोलतं.

डोंगर फुटले, पण आवाज कसा? विहिरीच्या तळाशी बसून वाचल्यासारखा. माईक माझ्या हनुवटीपासून वीतभर आणि आवाज दहा हातांवरून. इथे भाच्यानं एक युक्ती शिकवली, ती सोन्यासारखी आहे. रेकॉर्डिंग चालू करा आणि माईक नखानं हळूच खाजवा. मग लॅपटॉपच्या झाकणावर, कॅमेऱ्याशेजारी, तसंच खाजवा. ज्याला खाजवल्यावर पडद्यावर उंच खांब उठतील, तोच माईक ऐकतो आहे. माझ्याकडे खांब उठले झाकणापाशी. महागाचा चिमटा पदराला शोभेपुरता होता.

लॅपटॉप घेऊन बाजारातल्या एका दुकानात गेले. मुलानं दोन मिनिटं बघून सांगितलं की साउंडचा भाग गेलाय, बोर्ड काढावा लागेल, चार हजार. मी 'विचार करून सांगते' म्हटलं. आम्ही मास्तर लोक पटकन पाकीट उघडत नाही, त्याचा त्या दिवशी फायदा झाला.

दुखणं होतं पिनेत. तुमच्या माईकची पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या कड्या मोजा. दोन असतील तर पिनेचे भाग तीन, तीन असतील तर चार. हल्लीच्या लॅपटॉपला एकच भोक असतं, हेडफोन आणि माईक दोन्हींसाठी, आणि त्याला हवी असते मोबाईलसारखी तीन कड्यांची पिन. माझी होती दोन कड्यांची. ती घातली की लॅपटॉपला वाटायचं, बाईंनी हेडफोन लावला, आणि तो झाकणातल्या माईकनं ऐकत बसायचा. दीडशे रुपयांची दोन तोंडांची वायर मिळते, एका तोंडात माईक, दुसऱ्यात हेडफोन. चार हजारांचं काम दीडशेत झालं. त्या दुकानाचं नाव घेत नाही, पण त्या रस्त्यानं जाताना आत बघून नक्की हसते.

यानंतरही एकदा फसले. ऑडॅसिटी उघडलं, मग आठवण झाली म्हणून माईक लावला. पुन्हा झाकण. हा मात्र ऑडॅसिटीचा स्वभाव आहे. उघडताना ते एकदा हजेरी घेतं, नंतर आलेल्या मुलाला वर्गात धरत नाही. एकतर माईक आधी लावून मग प्रोग्रॅम उघडा, नाहीतर 'ऑडिओ सेटअप' बटणाखाली 'रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस' आहे ते दाबा. तिथेच रेकॉर्डिंगसाठी कोणता माईक धरायचा ते निवडा, आणि वाचणारी व्यक्ती एकच असेल तर चॅनेल मोनो, म्हणजे एकच, करा. स्टीरिओ ठेवून फाइल दुप्पट फुगवण्यात काही शहाणपण नाही.

आता घुरघुर. ही सगळ्यात लांबलेली लढाई.

वाचन थांबलं की मागे अखंड 'घुंऽऽ' ऐकू यायचं, मंदिरात तंबोरा लावून ठेवल्यासारखं. मला आधी फ्रिज वाटला, मग पंखा, मग शेजारची पाण्याची मोटर. सगळं बंद केलं, घुंऽऽ तसंच. ऑडॅसिटीत 'ॲनालाइझ' नावाच्या मेनूत 'प्लॉट स्पेक्ट्रम' आहे. त्यात आवाजातल्या कंपनांचा आलेख येतो. मी शांततेचा तुकडा निवडून तो काढला तर ५० हर्ट्झवर एक सुळका, १०० वर दुसरा, १५० वर तिसरा लहान. आपल्या देशातली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे माझ्या रेकॉर्डिंगमध्ये भिंतीतली वीज गात होती. मी विज्ञानाची बाई नाही, पण तो आलेख बघून झालेला आनंद शाळेत कधी झाला नव्हता. लॅपटॉपच्या पत्र्यावर हात ठेवला की आवाज कमी व्हायचा, हात उचलला की वाढायचा. चार्जर काढला आणि घुंऽऽ गप्प.

आमचं घर जुनं, तीन पिनांचं सॉकेट आहे पण तिसऱ्या भोकामागे काहीच नाही, अर्थिंग नुसतं शोभेचं. त्यामुळे सहा महिने मी चार्जर काढून, बॅटरीवर वाचलं. बॅटरी जुनी, पावणेदोन तासांत मान टाकते. पाठ किती मोठा घ्यायचा हे अभ्यासक्रमानं नाही तर बॅटरीनं ठरवलं. शेवटी वायरमन बोलावून मागच्या अंगणात खड्डा खणला, पट्टी पुरली, मीठ-कोळसा घातला. खर्च या परीक्षणात धरत नाही, कारण घराला ते हवंच होतं. पण सॉफ्टवेअरच्या नादानं अर्थिंग करून घेणारी गल्लीतली मी पहिलीच.

ज्यांना अंगण नाही त्यांनी चार्जर काढून बघा. नव्वद टक्के मंडळी माईक बदलत बसतात. (नव्वद हा माझा अंदाज, भाच्याचा शंभर आहे.)

एवढं झाल्यावर आवाज स्वच्छ आला, पण शब्दांची शेपटं तुटायला लागली. 'आहे'चं 'आ' व्हायचं. 'पाणी'तला ण धड ण नाही, धड न नाही. स, श, ष तिघेही एकाच वजनाचे. मराठी वाचताना हे चालत नाही, विशेषतः ऐकूनच शिकणाऱ्या मुलांसमोर. शब्द कसा लिहायचा हेही ती उच्चारावरूनच ठरवतात. इथे गुन्हेगार होता लॅपटॉपचा अतिशहाणपणा. व्हिडिओ मीटिंगसाठी म्हणून हल्ली माईकवर आपोआप आवाज साफ करणारं काहीतरी बसवलेलं असतं, आणि ते हळू आवाजातलं शेवटचं अक्षर म्हणजे कचरा समजून उचलतं. विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये आपल्या माईकवर जा, 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. काही लॅपटॉपवर कंपनीचं स्वतःचं वेगळं ॲप असतं, त्यातही बघा. माझ्याकडे दोन्हीकडे चालू होतं, म्हणजे दोन झाडूवाले एकाच अंगणात.

साफसफाईचं काम ऑडॅसिटीवर सोडा, ते निदान विचारून करतं. 'नॉइज रिडक्शन' दोन पायऱ्यांत चालतं. आधी नुसत्या शांततेचा तुकडा निवडून 'हा कचरा' असं त्याला दाखवायचं, मग सगळा पाठ निवडून तो काढायला सांगायचं. म्हणून मी प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला पाच सेकंद तोंड मिटून बसते. पंख्याचा, लॅपटॉपच्या भुणभुणीचा आवाज यात सुंदर जातो. आकडा मात्र १२ डेसिबलच्या पुढे नेऊ नका, नाहीतर तुमचा आवाज पाण्याच्या टाकीतून आल्यासारखा होईल आणि मागे बारीक घुंगरं वाजतील.

पाऊस जात नाही. हे मी स्वतः एक आख्खा जुलै घालवून शिकले. पडवीचे पत्रे, त्यावर कोकणातला पाऊस. तो क्षणाक्षणाला बदलतो आणि माणसाच्या आवाजाचीच जागा अडवून बसतो. त्याला काढायला गेलं की वाचणारी बाईही निघून जाते. जून ते सप्टेंबर मी पहाटे उघडीप बघून वाचते, नाहीतर सरळ सुट्टी.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. इतिहासाचा एक पाठ तपासायला ज्यांच्याकडे जातो त्यांचा फोन आला: "बाई, तुम्ही ब्रिटिशांना ते मान्य होतं असं वाचलंय." मी म्हटलं शक्य नाही. ऐकलं, तर वाक्यातला 'नव्हतं' गायब! मी वाचला होता, मधेच आवाज पाव सेकंद गिळला गेला होता. एवढ्याशा गिळण्यानं इतिहास उलटा. कारण असं की मी प्रोजेक्ट क्लाऊडला जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवत होते. ऑडॅसिटी नेहमीच्या सेटिंगवर ३२ बिट, ४४,१०० हर्ट्झनं (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) घेतं. एका तासाच्या मोनो रेकॉर्डिंगची मूळ फाइल हिशेबानं ६३५ एमबीच्या आसपास जाते. मी वाचते आहे, फाइल वाढते आहे, आणि त्याच वेळी दुसरा प्रोग्रॅम ती वर चढवायला धडपडतो आहे. जुनी हार्ड डिस्क बिचारी दोघांना पुरी पडेना. लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची: ऑडॅसिटीनं मला सांगितलं होतं. आवाज गळला की ते संपल्यावर सूचना देतं आणि जिथे गळला तिथे खाली खुणेची चिठ्ठी लावून ठेवतं. मी ती चिठ्ठी म्हणजे काहीतरी सजावट समजून बंद केली होती. आता प्रोजेक्ट साध्या फोल्डरमध्ये ठेवते, रेकॉर्डिंगच्या वेळी ब्राउझर बंद, इंटरनेट बंद. आणि चिठ्ठ्या वाचते.

ज्यासाठी मी या प्रोग्रॅमवर जीव टाकते ती गोष्ट घडली एका उन्हाळ्यात. तासभर वाचलं, बॅटरी दगावली, पडदा काळा. मी तशीच अंधारात बसून राहिले. चार्जर लावून पुन्हा उघडलं तर समोर खिडकी: मागच्या वेळचं काम नीट बंद झालं नव्हतं, परत आणू का? आणलं. शेवटचे काही क्षण सोडले तर सगळा पाठ जसाच्या तसा. पूर्वी एका प्रोजेक्टच्या शेकडो बारीक फाइली व्हायच्या आणि त्यातली एक हलली की सगळं कोसळायचं. २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून सगळं एकाच फाइलमध्ये असतं.

पण तीच फाइल पुढे पाठवू नका. 'सेव्ह' म्हणजे आपली वही, 'एक्स्पोर्ट' म्हणजे मुलांना द्यायची प्रत. मी पहिले तीन पाठ वहीच पाठवली होती आणि तिकडे कुणालाच उघडेना. एमपी-थ्री काढायला पूर्वी लेम नावाचा वेगळा तुकडा शोधून जोडावा लागे. २०१७ मध्ये एमपी-थ्रीची पेटंटं संपली, आता तो आतच असतो.

आवाजाच्या पट्टीबद्दल थोडकं. वाचताना हिरवा पट्टा −१२ ते −६ च्या दरम्यान नाचायला हवा. शून्याला टेकला की डोंगरांचे माथे सपाट कापले जातात आणि ते परत मिळत नाहीत. मला टिळकांवरचा पाठ वाचताना वर्गातल्यासारखा आवाज चढवायची खोड आहे, म्हणून त्या पाठाला माईक विंडोजमधूनच थोडा कमी करून ठेवते. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

आता तक्रारी. एरर दाखवताना ऑडॅसिटी आकडा फेकतं आणि गप्प बसतं. −९९९६ म्हणजे निवडलेला माईक चालेना, बहुधा काढलेला आहे. −९९९७ म्हणजे नमुन्यांचा दर जुळत नाही, विंडोजमध्ये ४८,००० आणि इथे ४४,१०० असं काहीतरी; दोन्हीकडे एकच ठेवा. हे दोन शब्दांत पडद्यावर लिहायला काय हरकत होती? आणि बटणं जागा बदलतात. माईक निवडायची पट्टी पूर्वी वरती उघडी असायची, ३.२ पासून ती 'ऑडिओ सेटअप'च्या पोटात गेली, आणि यूट्यूबवरचे निम्मे धडे अजून जुनी पट्टीच दाखवतात. पासष्टीच्या बाईनं व्हिडिओ थांबवून पडद्यावर ते बटण शोधत बसावं आणि ते तिथे नसावं, हा छळ आहे.

हे कुणी घ्यावं? दोन मिनिटांचा निरोप रेकॉर्ड करायचा असेल तर फोन पुरे, याच्या वाटेला जाऊ नका. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी, एकावर एक आवाज चढवणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं, मला त्यातलं कळत नाही. पण एक माणूस, एक माईक आणि पुष्कळ मजकूर असेल तर याहून चांगलं फुकटात काही मिळालेलं नाही. पाचपैकी चार तारे. पाचवा त्या आकड्यांसाठी कापला.

दररोज सुरू करण्याआधी मी माईक नखानं खाजवते, चार्जरकडे एकदा बघते आणि "बाळानं शाळेत षटकोन काढला, पाणी नव्हतं" एवढं म्हणून परत ऐकते. ळ, श, ष, ण आणि शेवटचा 'नव्हतं' पाचही सुखरूप आले, की पुस्तक उघडते.